आडनाव न विचारणाऱ्या बाई

बाईंसमोर डावं-उजवं म्हटलेलं चालायचं नाही. डावं म्हणजे कोणाचं डावं, तोंड कुठे करून, असं विचारायच्या. दूधवाल्याला सांगणार, पिशवी उत्तरेच्या कट्ट्यावर ठेव. सिलिंडरवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात उभा, घामाने निथळतोय, आणि बाई त्याला सांगतायत, नैऋत्येच्या कोपऱ्यात. तो बिचारा माझ्याकडे बघायचा. मी मान वळवून कोपरा दाखवायचो. कोपर स्टेशनच्या रिक्षास्टँडवर तर त्यांना येताना बघून रिक्षावाले पेपर उघडून बसायचे. एकदा उत्तरेकडच्या एका रिक्षावाल्याने "दक्खिन में जाना है ना, माताजी?" असं विचारलं, तर त्या दिवसापासून बाई त्याच्याशिवाय कोणाच्या रिक्षात बसल्या नाहीत. तो नसला तर उन्हात त्याची वाट बघत उभ्या राहायच्या.

लोकांना वाटतं हे मी गमतीने सांगतो. गंमत वगैरे काही नाही. मला त्या बाईंचा राग आहे आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही. राग यायला माणूस वाईट असावं लागतं असं काही नाही. वाईट माणसावरचा राग दोन दिवसांत निघून जातो, कारण त्याच्याकडून आपण काही मागितलेलंच नसतं. बाईंकडून मी मागितलेलं. मागितलेलं म्हणजे काय, तर मी त्यांच्यावर विश्वास टाकलेला. दोन वर्षं त्यांच्या घरात भाड्याने राहिलो आणि डोंबिवलीत मला एवढं एकच घर माहीत होतं जिथे मला कोणी आडनाव विचारलेलं नाही, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलेलो.

तेव्हा मी पंचविशीत. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलेलो. राहायला मावसभावाकडे, त्याच्या सहा माणसांत सातवा. त्याचं लग्न ठरलं तसा मी खोली बघायला डोंबिवलीला आलो. खोली शोधणं म्हणजे काय ते आमच्यातल्या कोणालाही विचारा. एजंट आधी गोड बोलतो. मग पूर्ण नाव विचारतो. मग गाव. मग "गावात कोणत्या आळीत?" मग "वरण-भातवाले ना तुम्ही?" आणि दोन दिवसांनी फोन, की सॉरी हां, मालकांचा भाचा अचानक शिकायला येतोय. त्या महिन्यात डोंबिवलीत एवढे भाचे आले की मला त्या सगळ्या मामांचं कौतुक वाटायला लागलं.

बाईंनी विचारलं ते फक्त पहिलं नाव. पश्चिमेला, जुन्या तीन मजली इमारतीत त्यांचे समोरासमोर दोन ब्लॉक होते. एकात त्या एकट्या राहायच्या, दुसरा भाड्याने द्यायच्या. कॉलेजात तीसेक वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं आडनाव पितळी पाटीवर दारावरच होतं, त्यामुळे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी मला टेबलाशी बसवलं, एक कोरा ड्रॉइंग पेपर आणि पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "तुझ्या गावाचा नकाशा काढ. आठवून. पट्टी वापरायची नाही. तुला तास देते."

मी बोललो, "बाई, मी खोलीसाठी आलोय."

"मीही खोलीचंच बोलतेय. काढ."

नंतर कळलं की त्या प्रत्येक भाडेकरूकडून असा नकाशा काढून घ्यायच्या. नोकरीत असताना पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून घ्यायच्या. मनातला नकाशा म्हणायच्या त्याला. जमिनीचा नकाशा सरकारकडे मिळतो, पण माणूस आपल्या मनात गाव कसं धरून ठेवतो, काय मोठं करतो, काय विसरतो, ते बघितल्याशिवाय मानवी भूगोल सुरूच होत नाही, असं त्यांचं ठाम मत. माणूस ओळखायचा हाच एक प्रामाणिक मार्ग आहे, असंही वर सांगायच्या.

आता मी काही कच्चा नव्हतो. नकाशा काढायला सांगतेय म्हणजे कशासाठी, हा संशय मला आलेलाच. म्हणून मी आमच्या वस्तीतला विहार काढला नाही. निळा झेंडा काढला नाही. पुतळ्याचा चौथरा होता तिथे मी एक झाड काढलं. बाकी सगळं मन लावून काढलं. शाळा, शाळेची पाण्याची टाकी, एसटीचा थांबा, पिठाची गिरणी, पूर्वेला आमचं घर, घराशेजारचा हापसा. हाताला सवय होती, हापशाचं हँडलसुद्धा काढलं. मधे गाव. तिथे फार काही सुचेना, म्हणून दुरून दिसतो तसा देवळाचा कळस काढला आणि भोवती जागा सोडून दिली.

बाई तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. खिडकीशी नेऊन बघितला. मग म्हणाल्या, "खोली तुझी. किल्ली दक्षिणेच्या भिंतीवर खुंटीला आहे."

करार करताना नाव लागतंच. पण त्या कागदावर बाईंनी चष्मा न लावता सही केली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं. आईला फोन केला. आई बोलली, "काहीच नाही विचारलं?" मी बोललो, काहीच नाही. त्यावर आई बोलली, "जपून राहा मग." मी तिच्यावर चिडलो. तुम्हाला कोणी चांगलं वागलेलं बघवत नाही, असं काहीतरी बोललेलो मी तिला.

आणि खरं सांगतो, बाई होत्याच तशा. त्यांचा राग बघत राहावा असा असायचा. स्टेशनजवळ एका नव्या इमारतीचा बोर्ड लागलेला, 'स्टेशनपासून चालत फक्त पाच मिनिटं'. बाईंनी घड्याळ लावून ते अंतर आधी मला चालायला लावलं. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, कडेवर बाळ आणि हातात भाजीच्या दोन पिशव्या देऊन. मग स्वतः चालल्या, गुडघा धरत. दुसऱ्या दिवशी बोर्डाखाली खडूने लिहून आल्या: बाळ घेऊन चौदा, गुडघे दुखत असतील तर बावीस. बिल्डरचा माणूस घरी भांडायला आला.

"मॅडम, तुम्ही आमचा बोर्ड खराब केला."

"खराब नाही केला, पूर्ण केला. पाच मिनिटं कोणाच्या पायांनी, ते लिहायचं राहिलं होतं तुमचं."

जवळ आणि लांब हे शब्द त्यांच्यासमोर वापरायची सोय नव्हती. मी एकदा ऑफिसला जायला फार लांब पडतं म्हणालो, तर अर्धा तास समजावून सांगत बसल्या की मुंबईतल्या बड्या माणसाला परदेश जवळ असतो आणि त्याच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला पुढचं स्टेशन लांब असतं, अंतर हे जमिनीत नसतंच. मला ते पटायचं. अजूनही पटतं, तीच तर पंचाईत आहे.

तळमजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. गणपतीच्या मीटिंगला काका बोलून गेले की घाटावरची माणसं रांगडीच असणार, तिकडची जमीनच तशी खडकाळ. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"जमिनीमुळे होतं का तसं? मग तुम्ही तळमजल्यावर राहता, तुम्ही ओलसर आहात का?"

मीटिंग तिथेच मोडली. घरी येऊन बाई धुसफुसत होत्या. म्हणाल्या, "माणसांनी केलेल्या गोष्टी डोंगर-नद्यांच्या नावावर टाकायच्या नाहीत. आमच्या विषयात जुन्या लोकांनी हाच घोटाळा केला. थंड हवेतले लोक हुशार, गरम हवेतले आळशी, म्हणून थंडवाल्यांनी राज्य करायचं. निसर्ग फार तर चार वाटा दाखवतो रे. त्यातली कुठली घ्यायची ते माणूस ठरवतो, आणि ठरवणारा माणूस नेहमी कोणीतरी एक असतो, सगळे नसतात." याच काकांनी एकदा जिन्यात विचारलेलं, तुमच्या भाडेकरूचं पूर्ण नाव काय हो? बाई म्हणाल्या, "मला त्याचं गाव माहीत आहे, तेवढं पुरे." मी वरच्या पायरीवर उभा होतो. ऊर भरून आलेला माझा.

एका रविवारी बाई मला ठाण्यातल्या बाळकुमला घेऊन गेलेल्या. कशाला, तर जागा आणि ठिकाण यातला फरक दाखवायला. उंच टॉवरच्या रांगा, त्यांना कुंपणं, आणि एका कुंपणाच्या भिंतीला टेकून एक म्हातारी आगरी बाई भाजी विकत बसलेली. बाईंनी तिला विचारलं, आधी इथे काय होतं? ती बोलली, "आमचा शेत व्हता." मग बाई टॉवरच्या गेटवर गेल्या आणि आत शेत बघायला जायचंय म्हणाल्या. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. येण्याचे कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, भूगोल. त्याने सोडलं नाही. बाई तिथेच त्याच्यासमोर मला शिकवायला लागल्या, की बघ, जागा ही मोजता येते, विकता येते, पण ती कोणाचं ठिकाण आहे हे गेटवर कळतं, कोणाला विचारल्याशिवाय सोडतात त्यावरून. परत येताना मी मनात बोललो, आपल्याला अशी बाई शाळेत असायला हवी होती.

एवढं सगळं सांगतोय ते उगाच नाही. त्या दिवशी मला जे झालं ते कळायला हवं, म्हणून सांगतोय.

कल्याणच्या एका कॉलेजात भूगोलाची जागा रिकामी होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मानवी भूगोलाची ओळख करून द्यायला त्यांनी बाईंना दोन तासांसाठी बोलावलं, दोन शनिवार, एकेक तास. बाईंना कोण आनंद. आठवडाभर तयारी चाललेली. सगळे जुने नकाशे झेरॉक्सवाल्याकडे नेऊन स्कॅन करून आणले. मला शनिवारी सुट्टी असायची, माझ्याकडे लॅपटॉप होता, म्हणून मला म्हणाल्या, चल माझ्याबरोबर, ते प्रोजेक्टरचं मला जमत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो.

वर्गात साठेक मुलंमुली. मी टेबलाशी लॅपटॉप घेऊन उभा, बाई सांगतील तो फोटो उघडायचा. पहिला नकाशा एका बँकेतल्या क्लार्कचा, त्यात बाजार केवढा तरी मोठा. दुसरा एका नर्सचा. तिने रस्त्यावरचा एकेक दिवा काढलेला, कारण तिची ड्यूटी सुटायची उशिरा. मुलं रंगली. मग बाई म्हणाल्या, "आता तेरा नंबरचा लाव." मी लावला. पडद्यावर हापसा दिसला तेव्हा मला कळलं.

माझाच हात होता माउसवर. बंद करता आला असता. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्या पडद्याकडे बघत होत्या, चेहरा नुसता उजळलेला.

"यात काय नाही ते सांगा."

"ग्रामपंचायत नाही," एकजण बोलला. "दुकानं नाहीत." "मॅडम, मधे कोराच आहे."

"का कोरा आहे?"

"घाईत काढला असेल."

"हापशाचं हँडल बघ. घाईतला माणूस हँडल काढत बसत नाही. देऊळ बघा. काय दिसतं?"

"कळस."

"दार आहे?"

सगळे पुढे वाकून बघायला लागले.

"रस्ता जातो देवळाकडे? एकही नाही. म्हणजे या मुलाने देऊळ बघितलंय कुठून?" बाई थांबल्या, वर्गावर नजर फिरवली. "लांबून. आता घर बघा. कुठे आहे? पूर्वेला. आपल्याकडे वारा बराच काळ कुठून वाहतो? पश्चिमेकडून. मग गावाचा वास, धूळ, सगळं कोणाच्या अंगावर जाणार? हे वाऱ्याने ठरवलं की माणसांनी? आणि मग सांगा, हा मुलगा गावातल्या कुठल्या वस्तीतला?"

पहिल्या बाकावरचा एक चष्मेवाला हुशार पोरगा हात वर करून बोलला, "मॅडम, एससी असेल."

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

मागे दोघंतिघं हसले. वाईट हसले असंही नाही, कोडं सुटल्यावर हसतात तेवढंच. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, तिने पेन ठेवलं आणि वही मिटली. ती पडद्याकडे बघत नव्हती, खाली बाकाकडे बघत होती. साठ जणांत ती एक आणि पुढे मी एक, इस्त्रीच्या शर्टात. मी काय केलं? बाई "पुढचा" म्हणाल्या आणि मी पुढचा नकाशा लावला. स्वतःचा सगळ्यात जास्त राग मला त्या एका क्लिकमुळे येतो.

मी विहार लपवलेला. झेंडा लपवलेला. माझ्याकडे जे होतं ते सगळं मी झाकून ठेवलं, आणि मला पकडलं ते जे मला कधी बघूच दिलं नाही त्याच्यावरून.

कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर बाई खूश होत्या. मला म्हणाल्या, "तोंड का पाडलंयस? तुझ्या नकाशामुळे आज तास उभा राहिला. माझ्याकडे इतके नकाशे आहेत, पण इतका खरा एकही नाही."

"विचारायचं तरी मला."

"अरे, नाव कुठे घेतलं मी तुझं?"

"नावाची गरज लागत नाही, हेच शिकवत होतात ना त्यांना?"

बाईंना खरंच कळेना. कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिल्या. "मी तुमच्याच बाजूने बोलत होते," त्या म्हणाल्या.

तुमच्या. दोन वर्षांत मी त्यांच्याकडून एकवचनच ऐकलेलं. तू जेवलास का, तुझा पगार झाला का, तुझी आई कशी आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मी अनेक झालो.

"पहिल्या दिवशी कळलेलं तुम्हाला?" मी विचारलं.

"नकाशा हातात घेतला तेव्हाच."

म्हणजे ते चष्मा न लावता सही करणं. ते काकांना "गाव माहीत आहे, पुरे" म्हणणं. एजंट चार प्रश्न विचारून जे काढून घ्यायचे, ते बाईंनी माझ्याच हातून चित्रात काढून घेतलेलं, आणि मी आईवर चिडलेलो.

"मग खोली मला का दिलीत?"

बाईंचा एक गुण होता, त्या खोटं बोलायच्या नाहीत. त्या दिवशी एकदा बोलल्या असत्या तर चाललं असतं मला. त्यांनी चहाचा घोट घेतला, नीट विचार केला आणि म्हणाल्या, "नकाशा फार चांगला होता म्हणून."

"आणि मी?"

"तुझी कुठे ओळख होती तेव्हा?"

बरोबर होतं. त्यांचं सगळं नेहमी बरोबरच असायचं. मी बोललो, माझा नकाशा मला परत द्या, मूळ कागद आणि ते स्कॅन पण. बाई म्हणाल्या, "ते जमणार नाही. आता तो शिकवण्याचा आहे. अजून किती मुलं शिकतील त्याच्यावरून." मी चहा तसाच टाकून निघालो.

त्यानंतर पुढचे पाच दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. महिनाअखेरीला खोली सोडतो अशी चिठ्ठी दाराच्या फटीतून टाकली. सोडून जायचं कुठे, हा प्रश्न होताच. पुन्हा एजंट, पुन्हा भाचे. शेवटी ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने ठाण्यात खोली मिळाली, चाळीत, सगळी आपलीच माणसं. चांगली माणसं होती. पण डोंबिवलीच्या त्या इमारतीतून उठून मी जिथे गेलो, ते शहराने माझ्यासाठी आधीच काढून ठेवलेलं ठिकाण होतं, आणि हे मला कळायलाही बाईंचाच भूगोल उपयोगी पडला, याची वेगळी चीड.

दुसऱ्या तासाच्या आदल्या दिवशी मी ऑफिसमधून एक ड्रॉइंग पेपर आणला. बाईंचं दार वाजवलं आणि कागद टेबलावर ठेवला.

"आता तुम्ही," मी बोललो. "तुमच्या गावाचा. आठवून. पट्टी नाही. तुम्हाला तास देतो."

मला वाटलेलं चिडतील. उलट त्या हरखल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं सांगितलंच नसावं. साडीचा पदर खोचून बसल्या, जीभ दातांत धरून काढत होत्या. त्यांचं गाव नदीकाठचं. घाटाच्या पायऱ्या मोजून काढल्या. देऊळ, देवळाच्या मागच्या आळीत त्यांचं घर, घराच्या परसात रायआवळ्याचं झाड, पुढे सोनाराचं, शिंप्याचं, कासाराचं, प्रत्येक घर आणि घराचं तोंड कुठे ते. उत्तरेचा बाण. खाली अंदाजे प्रमाणसुद्धा लिहिलं. पाऊण तासात पूर्ण. देखणा नकाशा होता, माझ्यापेक्षा दहा पटीने चांगला, आणि मी पेशाने ड्राफ्ट्समन आहे.

मी तो उचलून खिडकीशी नेला. पूर्वेकडची बाजू बघितली. तिथे एक चिंच होती आणि चिंचेनंतर कागद संपलेला.

"आमची वस्ती कुठाय?"

"तुझं गाव वेगळं ना रे."

"आमच्या लोकांची. प्रत्येक गावात असते, वर्गात तुम्हीच सांगितलंत. तुमच्याकडे वारा कुठून येतो?"

बाईंनी पेन्सिल उचलली. चिंचेपर्यंत नेली. तिथे पेन्सिल थांबली. "ओढ्यापलीकडे असणार," त्या म्हणाल्या.

"असणार?"

"मी कधी गेले नाही तिकडे."

"कागद मोठा होता, बाई. तुम्ही आवळ्याचं झाड काढलंत. मी निदान तुमच्या देवळाचा कळस तरी काढलेला."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला त्याचं बरं वाटलं, हे कबूल करतो. बरं वाटायला नको होतं वगैरे मला कोणी सांगू नये.

दुसऱ्या दिवशी शनिवार. त्यांनी मला चल म्हटलं नाही. प्रोजेक्टर लावायला तिथलं कोणीतरी मिळालं असेल. मी दिवसभर खोलीत कपडे आणि ड्रॉइंगची पुस्तकं खोक्यांत भरत होतो. दुपारी जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या. आपल्या दाराकडे न जाता त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत एकेक गुंडाळी.

"आज माझा नकाशा लावला," त्या म्हणाल्या. "विचारलं, यात काय नाही ते सांगा."

मी खोक्याला सुतळी बांधत होतो.

"कोणालाच दिसलं नाही रे. सगळे म्हणाले, मॅडम, पूर्ण आहे. एकाने विचारलं, पुस्तकातला आहे का. तो चष्मेवाला मुलगा, एवढा हुशार, तोसुद्धा म्हणाला, काहीच राहिलेलं नाही."

"सगळ्यांना विचारलंत?"

"विचारलं. ती तिसऱ्या बाकावरची मुलगी नुसती बघत होती माझ्याकडे. बोलली नाही काही."

"ती कशाला बोलेल?" मी बोललो. "मग तुम्ही सांगितलंत?"

बाईंनी उंबऱ्याकडे बघितलं. "घंटा झाली."

"पुढच्या शनिवारी सांगा."

"दोनच तास होते. पोर्शन संपला त्यांचा."

माझ्या नकाशाच्या दिवशीही घंटा झालेली. पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे होते आणि बाई त्यांना हाताने थांबवून, देवळाला दार का नाही ते मुलांना पुन्हा एकदा समजावत होत्या. हे मी त्यांना बोलून दाखवलं. आवाज चढलेला माझा. खालून काका डोकावून गेले.

बाईंनी एक गुंडाळी पुढे केली. "हा तुझा. घे. स्कॅनही काढून टाकलं सगळीकडून, झेरॉक्सवाल्याकडून खात्री करून आले."

मी घेतला. मग हात तसाच पुढे ठेवला. "तुमचाही द्या."

"तो कशाला तुला?"

"मला वाचता येतो."

बाईंनी दुसरी गुंडाळी छातीशी धरली. एक पाऊल मागे सरकल्या. "तो नको रे," त्या म्हणाल्या, "त्यात माझं घर आहे."

माझ्या नकाशातही माझं घर होतं, हे त्यांना तिथे उभं राहून समजावून सांगायची माझी इच्छा उरली नव्हती. मी दार लावून घेतलं आणि राहिलेलं सामान बांधलं.